कोपरातला मोठा ठिपका

मु. चिंचाळा, भैंशाजवळ
८ एप्रिल १९९१

चि. नागोराव यास आजी बयनाबाईचा आशीर्वाद. आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे, सध्या मनात नाही.

तू दिल्लीला चित्रं काढायच्या नोकरीला लागलास तेव्हा मी गावभर सांगत फिरले होते की आमचा नातू पुस्तकं काढतो. कसली पुस्तकं ते कोणी विचारलं नाही अन् मीही सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता झालं. भैंशाच्या बसस्टँडवर दोरीला टांगून भाड्याने देतात तसलं एक पुस्तक परवा उत्तमराव मास्तरने आपल्या ओसरीवर आणून ठेवलं. शाळेत एका दप्तरातून जप्त केलेलं. पाणी दिलं तर प्याला नाही. "पहिल्या पानावर तुमच्या नागोरावचं नाव हाये," एवढं बोलला अन् गेला. उत्तमराव हा जयवंताबाई सुईणीचा पोरगा, हे दिल्लीला जाऊन विसरला नसशील.

रुक्मी बाळंतपणाला माहेरी आली आहे. सहावा सरत आला. तुझी आई असती तर तिनेच सारं पाहिलं असतं, आता माझ्या गळ्यात आहे. रुक्मीने दुपारभर बसून ते हिंदी मला वाचून दाखवलं. मी दुसरीपर्यंत शिकले, तीही निजामाच्या उर्दू शाळेत. मराठी अक्षर तुझ्या बापाच्या पाटीवरून उचललं. पण चित्र पाहायला शाळा लागत नाही.

तुझा तो गगनकेतू उडतो, उडो बापडा. माझा राग उडण्यावर नाही. पण तो गोरा काऊन? त्याची बाई गोरी, त्याचा दोस्त गोरा, दोस्ताचं कुत्रंही पांढरं. चोर तेवढे काळे. लंगडा माणूस आला की तो दगाबाज निघतो. तुझा आजा गाडीच्या चाकाखाली पाय गेल्यावर तीस वर्षं लंगडत नांगर धरत होता, त्याने कोणाला दगा दिला ते लिहून कळव. जाड माणूस दिसला की बावळट. जंगलातले लोक केसांत हाडं खोवून हुंबा हुंबा करतात अन् भाले घेऊन शहरावर धावतात. दहा वर्षांखाली इंद्रवेल्लीला पोलिसांनी गोंडांवर गोळ्या झाडल्या तेव्हा कोणाच्या हातात काय होतं अन् जमिनीवर कोण पडलं, ते तू बारा वर्षांचा असताना याच ओसरीवर बसून ऐकलं आहेस. ते पुस्तकात नाही आलं. हुंबा हुंबा आलं.

बाई तरणी असली तर छपरावरून पडते. एका पुस्तकात तीनदा पडली. रुक्मी म्हणाली, "आजी, इला चालता येत नाही का नीट?" अन् बाई म्हातारी असली तर ती डायन.

आता त्या डायनीबद्दल. बुंदकी डायन नाव ठेवलंस. काळी, नाक बसकं, दात पुढे, अन् डाव्या हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत ठिपकेच ठिपके. 'एक बच्चा, एक बुंदकी' म्हणून हसते. जितकी पोरं गिळली तितके ठिपके.

नागू, हा हात कोणाचा आहे? सरळ लिही. फिरवून लिहू नको.

आजी

*

दिल्ली
२५ एप्रिल १९९१

तीर्थरूप आजीस नागूचा नमस्कार.

तुझं पत्र मी ऑफिसात हिंदी करून वाचून दाखवलं. सगळे हसून लोळले. कुत्र्यावरून तर आमच्या साहेबांनी टाळी दिली. म्हणाले, तुझ्या आजीला नोकरीला बोलाव.

हात कोणाचाही नाही गं. कॉमिक्सचं एक गणित असतं. पानं बत्तीस. वाचणाऱ्याला पाहिल्याबरोबर कळलं पाहिजे की चांगला कोण, वाईट कोण. विचार करत बसायला जागा नसते. म्हणून साचे ठरलेले आहेत. साहेबांकडे एक जाड वही आहे. टकला शास्त्रज्ञ, लंगडा दगाबाज, जंगलातला सरदार, खाऊन खाऊन फुगलेला हवालदार, किंचाळणारी नायिका, म्हातारी डायन. कुठे काय वापरायचं ते त्यात लिहिलेलं. साहेब म्हणतात, दुष्ट माणसाचा चेहरा हाच त्याचा पत्ता. मला ते पटतं असं नाही, पण हे मी सुरू केलेलं नाही आणि माझ्याने थांबणारही नाही. मी फक्त काढतो.

खरी बातमी पुढे आहे. बुंदकी डायन इतकी चालली, की आणखी तीन पुस्तकांत येणार. चौथ्यात गगनकेतू तिचा तो ठिपक्यांचा हात खांद्यापासून तोडतो. त्याचं मुखपृष्ठ मला मिळालं आहे. माझं पहिलं मुखपृष्ठ, आजी. छापून आलं की पाठवतो, ओसरीच्या भिंतीला लाव.

रुक्मीला जप म्हणावं. भारी घागर उचलू देऊ नकोस.

तुझा
नागू

*

चिंचाळा
१९ मे १९९१

नागोराव,

या वेळी आशीर्वाद रीत म्हणूनही लिहीत नाही.

भिंत माझी आहे. तिला काय लावायचं ते मी पाहीन. मी हात कोणाचा विचारलं तर तू मला वही सांगितलीस. आता इथे काय झालं ते ऐक, अन् हेही ऑफिसात वाचून दाखव. हसतात का पाहा.

सुट्टी लागायच्या आधी पोरं जयवंताच्या मागे 'एक बच्चा, एक बुंदकी' ओरडत फिरू लागली. तिला हिंदी येत नाही. तिला वाटलं खेळातलं गाणं आहे. पहिले दोन दिवस ती त्यांच्याबरोबर हसली. ठेका धरून टाळ्याही वाजवल्या म्हणतात. मग पंपावर एका बाईने तिला पाहून आपलं लेकरू पदराखाली ओढलं, तेव्हा तिने घरी जाऊन उत्तमरावला अर्थ विचारला.

पुस्तक पुस्तक होतं तोवर कागद होता. आता त्याला गावचं तोंड मिळालं. देवळामागच्या सुधाकररावाच्या सुनेचे दिवस भरले. त्यांनी जयवंताला बोलावलं नाही. दोन दिवस सून तळमळली अन् पोर मेलेलं आलं. संध्याकाळच्या आत बोलणं सुरू की जयवंता सकाळी त्या गल्लीतून गेली होती. बोलावली नाही म्हणून पोर गेलं, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही. आपल्या मुलखात याला भानामती म्हणतात. अन् भानामती म्हटलं की माणसं त्या बाईचे दात उपटायला पक्कड शोधतात. गेल्या साली नदीकाठच्या एका गावात शोधली होती. तुझ्या साहेबाच्या वहीत पक्कड आहे का?

यंदा वैशाख दोन आले. या उन्हात जयवंताने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं आहे. घामाने पाठ भिजते पण बाही वर करत नाही. कोणाच्या बाळंतपणाला जात नाही. रुक्मीच्या सासूने मुधोळहून निरोप पाठवला की त्या बाईचा हात आमच्या सुनेला लागता कामा नये. मी निरोप्याला हाकललं, पण जयवंतानेच सांगून पाठवलं की ती येणार नाही. रुक्मीचं पोर आडवं आहे. माझ्या बोटांना कळतं, पण फिरवायची कला माझ्या बोटांत नाही. ती एकीच्याच बोटांत आहे.

आता ठिपके. तुला ठाऊक नसेल तर ऐक. दर पौषात इंद्रवेल्लीकडची गोंदणारीण गावात येते. त्या वर्षात जयवंताच्या हातात जितकी पोरं रडली तितके ठिपके ती गोंदून घेते. मेलेल्याचा नाही. रडलं त्याचाच. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने हातावर लिहिलं. कोपराच्या आतल्या अंगाला एक ठिपका मोठा आहे. बाकीचे मोहरीएवढे, तो तुरीच्या दाण्याएवढा. तुझ्या चित्रातही तो मोठाच आहे, त्याच जागी. तुझ्या बापाचा चष्मा लावून मी तीनदा पाहिलं.

तू नाळ गळ्याला गुंडाळून निळा आला होतास. मी टोपली पाहायला उठले होते, पुरायला न्यायची. जयवंताने तुझ्या तोंडाला तोंड लावलं अन् फुंकत राहिली. मी म्हटलं सोड आता, तर माझ्या अंगावर ओरडली. मग तू रडलास. पौषात गोंदणारणीला म्हणाली, "हा ठिपका मोठा टाक बाई, यानं लय घाम काढला."

तो ठिपका तू आहेस नागू. तुझ्या डायनीने तुला गिळला, अन् आता तू तिचा हात तोडायला निघालास.

ते चौथं पुस्तक काढायचं नाही. इथे यायचं, तिच्या दारात उभं राहायचं अन् साऱ्यांदेखत सांगायचं की हे खोटं मी माझ्या डोक्यातून काढलं. रुक्मीचे दिवस आषाढात भरतात. त्याच्या आत.

आजी

*

दिल्ली
६ जून १९९१

तीर्थरूप आजीस,

तुझं पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

हात जयवंताबाईचा आहे. मागच्या वेळी खोटं लिहिलं. ठिपक्यांचा अर्थ मात्र मला खरंच माहीत नव्हता. मला दुसराच माहीत होता. आणि तो मी माझ्या डोक्यातून काढलेला नाही.

तू विसरली असशील. मी सहा वर्षांचा होतो आणि सारखा मळ्यातल्या विहिरीकडे पळत होतो. विहिरीला कठडा नव्हता. एक दिवस तू मला कानाला धरून ओसरीवर बसवलंस. जयवंताबाई समोरून चालली होती. तू म्हणालीस, "इहिरीकडं गेलास तं थे येते. तिच्या हातावर पाह्य. जेवढे ठिपके तेवढी पोरं तिनं गिळली." मी पाहिलं. विहिरीकडे जाणं त्या दिवशी बंद झालं आणि तू खूश झालीस. पुढे ती घरी आली की मी ज्वारीच्या कणगीमागे लपायचो, आणि तू तिला सांगायचीस की पोरगा लाजाळू आहे. ती मला गुळाचा खडा द्यायची. मी तो तिच्यासमोर फेकून द्यायचो.

साहेबांनी नवी डायन मागितली तेव्हा मला शोधावी लागली नाही. सोळा वर्षं ती माझ्याजवळ तयार होती. 'एक बच्चा, एक बुंदकी' हे तुझंच वाक्य आहे. मी फक्त हिंदी केलं.

मी येतो. तिच्या दारात उभा राहतो. पण हे खोटं कोणाच्या डोक्यातून निघालं म्हणून सांगू? तू सांगशील तसं सांगेन.

नागू

*

(पोस्टकार्ड)
दिल्ली, ५ जुलै १९९१

आजी, महिना होत आला, तुझं पत्र नाही. रुक्मी कशी आहे? चौथं पुस्तक मी काढलं नाही. साहेबांनी ते दुसऱ्याला दिलं. त्याने दोन दिवसांत संपवलं. ठिपके काढायचा त्याला कंटाळा आला, म्हणून हाताला साप गुंडाळला. साहेब म्हणाले, हेच चांगलं दिसतं. मला आता हवेल्या आणि मोटारी काढायला दिल्या आहेत, माणसं देत नाहीत. दोन ओळी तरी लिही. नागू

*

चिंचाळा
२८ जुलै १९९१

चि. नागोराव यास आशीर्वाद.

पत्र मिळालं होतं, कार्डही मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण जवळ नव्हतं. उत्तर नसताना शाई वाया घालवायची सवय मला नाही.

पहिले आठ दिवस तुझाच राग आला. म्हटलं, लेकाचा विहिरीत पडून मेला असता तर बरं, आता उलटून बोलतो. म्हटलं, पोरांना सारेच भिववतात, कोणी बागुलबुवा म्हणतं, कोणी पोलीस. मी भिववलं म्हणून तू जगलास. हे सारं मी कणगीला सांगितलं, भिंतीला सांगितलं, रुक्मीलाही सांगितलं. ती काही बोलली नाही, अन् ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

मग एक दिवस तांदूळ निवडताना मनात आलं, की मी बागुलबुवा काऊन नाही म्हटलं? गढीवरच्या म्हातारीला तेव्हा एक डोळा नव्हता, हनुवटीला केस होते, लेकरं तिला पाहून तशीच रडायची. तिचं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी गढीवरून माणूस आला असता. जयवंताचं घेतलं, कारण ती बौद्धवाड्यातली, काळी, अन् तिच्या घरून कोणी विचारायला येणार नव्हतं. तुझ्या साहेबाला त्यासाठी वही लागते. मला वहीसुद्धा लागली नाही.

शाळा उघडली तशी मी गेले. उत्तमरावला म्हटलं, मला पोरांपुढे बोलू दे. तो खुर्ची द्यायला लागला, मी घेतली नाही. पुस्तक हातात धरून उभी राहिले अन् सांगितलं, की हे खोटं माझं आहे. ठिपके म्हणजे काय तेही सांगितलं. कोण कोण त्यात आहे ते नावं घेऊन सांगितलं, तेव्हा पोरं एकमेकांकडे पाहू लागली, कारण निम्मी त्यातलीच. एक पोरगी रडली. पुस्तक मी तिथेच चुलीत घातलं, पोरांचा दलिया शिजत होता त्या. उत्तमराव भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. संध्याकाळी जयवंताच्या दारात गेले. ती चुलीपुढे बसली होती, लांब बाह्या घालून. म्हणाली, "शाळेत सांगितलंस थे आलं कानावर. पोराईले सांगनं सोपं हाये बयना. थे उठून जाऊ शकत नाहीत."

मी उंबऱ्याबाहेर उभी. आत ये म्हणाली नाही, अन् मीही गेले नाही. चाळीस वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नव्हते, हे मला तेव्हा कळलं. मग तिथेच उभं राहून पुन्हा सारं सांगितलं, विहीर, ओसरी, कान धरला ते. शेजारच्या बाया दारात आल्या होत्या. येऊ दे म्हटलं. तुझ्या गुळाचंही सांगितलं.

गुळावर तिने हातातला पळा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हनून फेकत होता का थो? मले वाटे, तुमी शिकवलं आसंल, इच्या हातचं खाऊ नको म्हनून. थे चाललं आसतं. त्याची सवय हाये. पन हे..." मला जा म्हणाली. मी आले.

आषाढात रुक्मीचे दिवस भरले. सासू मुधोळहून येऊन बसलेली. परवाच्या मंगळवारी सकाळी कळा सुरू झाल्या, अन् सूर्य डोक्यावर आला तसं मला कळलं की पोर पायाकडून येतं आहे. भैंशाची बस चारला. तोवर कोण थांबतं? सासूला म्हटलं, तुम्ही बसा, मी आणते. तिने तोंड उघडलं. मी म्हटलं, सुधाकररावाच्या सुनेला कोणी हात लावला नव्हता, तिचं पोर कुठे पुरलं आहे ते दाखवू का? तिने तोंड मिटलं.

निरोप पाठवला नाही, स्वतः गेले. यावेळी उंबऱ्याच्या आत गेले. जयवंता उठलीच होती, तिला कोणी सांगितलं देव जाणे. म्हणाली, "रुक्मीसाठी येऊन राह्यली. तुह्यासाठी नाही." मी म्हटलं, माझ्यासाठी येऊच नको.

हात धुवायला बसली तर बाही मनगटाशी तंग, वर सरकेना. तिने कात्री मागितली. मी दिली. खांद्यापाशी एक काप घेतला अन् अख्खी बाही ओढून काढली, फेकली कोपऱ्यात. सासूने ठिपके पाहिले अन् भिंतीला सरकली. जयवंताने तिच्याकडे पाहिलंही नाही. नंतरचे दोन तास मी त्या हाताशिवाय काही पाहिलं नाही. पाय, मग कंबर, मग तिने बोटांनी खांदे फिरवले, एक, मग दुसरा, जसं कोणी अडकलेलं कुलूप न मोडता उघडावं. डोकं शेवटी. मुलगी आहे. निळी नव्हती. लगेच रडली, अन् अजून रडतेच आहे. आवाज माझ्यावर गेला म्हणतात.

मी जयवंताला लुगडं काढून ठेवलं होतं. तिने घेतलं नाही. म्हटलं, मग पौषात हिचा ठिपका तरी घेशील ना? तर म्हणाली, "हिचा ठिपका माह्या हातावर नाही टाकत. तुह्या हातावर टाक. कोनी इचारलं का हे काय हाये, मंग सांगत बस जलमभर." अन् एका बाहीचं पोलकं घालून भर रस्त्याने घरी गेली. रस्त्यात साऱ्या गावाने तो हात पाहिला. कोणी लेकरू पदराखाली ओढलं नाही, की ओढायला विसरले, ते मला ठाऊक नाही. सुधाकररावाच्या घरचं दार बंदच होतं.

तू हवेल्या अन् मोटारी काढतोस ते वाचलं. काढ. तुझ्या जागी ज्याने साप काढला त्याला विचार, सापवाली बाई कोणत्या गावची, अन् त्याची आजी जिवंत आहे का. असली तर माझा पत्ता दे, पत्र कसं लिहायचं ते मी तिला कळवते.

अन् दारात उभं राहून काय सांगू, असं विचारलं होतंस. माझ्या वाटणीचं मी सांगून आले आहे, ते तू सांगू नको. गूळ माझा नव्हता, तुझा होता. तो कसा उचलायचा ते तुझं तू पाहा.

गोंदणारीण पौषात येते. सत्तरीच्या कातड्यात सुई कशी जाते ते मला कळेलच. तू चार दिवस आधी ये. तुझाही हात मी तिला निरोप धाडून सांगून ठेवला आहे. ठिपका कुठे टाकायचा ते जयवंता सांगेल, अन् केवढा टाकायचा तेही.

आजी